टाइपरायटरवर शिंपडलेलं पंचामृत

कचेरीतला कारभार मराठीत करायचा, असा हुकूम वरून आला तेव्हा मी बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत हंगामी टायपिस्ट होते. हंगामी म्हणजे 'उद्यापासून येऊ नका' हे ऐकायची तयारी ठेवून रोज जाणारी. इंग्रजी टाइप मी लग्नाआधी, माहेरी खामगावला शिकले होते. साहेबांनी सांगितलं, मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हा, कायम करतो. नापास झालात तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. परीक्षा दसऱ्यानंतर लगेच होती आणि मशीन ज्याची त्यानं आणायची होती.

माझ्याकडे मशीन होती, पण इंग्रजी आणि म्हातारी. एका वकिलानं वकिली सोडताना विकलेली. नवी मराठी मशीन मिळायला नंबर लावून बसावं लागे आणि तेवढी ऐपतही नव्हती. जुन्या मशीनची इंग्रजी अक्षरं काढून त्या जागी मराठी बसवून देणारं एक दुकान अकोल्याला आहे, असं कळलं. मी मशीन चादरीत बांधली आणि एस.टी.नं अकोला गाठलं.

दुकानदारानं आधी माझ्या मागे पाहिलं.

"साहेब मागून येऊन राह्यले का, ताई?"

"साहेब नाही. मशीन माही आहे."

"तसं नाही, काम जरा समजून घ्या लागते."

"मंग समजावून सांगा."

रोलरही बदलायचा होता. नवा म्हणून त्यानं जो रबरी रोलर काढला, तो मी नखानं दाबून पाहिला. दगड. असल्या रोलरवर अक्षर आपटतं आणि कागदाला भोकं पडतात. "हा कोणाच्या मशीनचा काढला?" असं विचारल्यावर तो आत गेला आणि दुसरा घेऊन आला. तो नरम होता. शाईची फीत घेतली, मशीनखाली घालायला जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी घेतली, रेक्झिनचं कव्हर घेतलं. प्रत्येक वस्तू मी हातात घेऊन पाहिली. बाई दिसली की जुना माल काढायचा, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला लाजही वाटली नाही. मशीन तयार झाल्यावर आणायला गेले, तेव्हा दुकानातच कागद लावून एकेक अक्षर मारून पाहिलं आणि मगच उचलली.

मराठी मशीनची एक गोष्ट इंग्रजीत नसते. बरीचशी अक्षरं आधी अर्धी उठतात आणि काना मारला की पुरी होतात. म्हणजे काना ही सगळ्यात जास्त चालणारी कळ. ती अडली की निम्मा कागद लंगडा. मी रोज कचेरीतून देऊळघाटला घरी आले की चूल पेटवण्याआधी सराव करी. घरात कुरकुर होती. पण बोटं वळायला लागली होती.

आमचं घर शेतीचं. माझे मालक रोहिणखेडला मास्तर होते, सुटीला घरी येत. घर चालवत ते मोठे दीर, म्हणजे माझे भासरे. आमच्याकडे भासऱ्यानं भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही आणि तिनं तर नाहीच नाही. एकाच ओसरीवर दोघं असलो तरी बोलणं सासूबाईंच्या मार्फत चाले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. "माय, तिले सांग," असं भासऱ्यांनी म्हणायचं. "आत्याबाई, त्याईले सांगा," असं मी. लग्न झाल्यापासून हेच चालू होतं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा भासरे करत. त्या सकाळी मला कचेरीत जायचं होतं. निघताना मी बजावलं, "आत्याबाई, त्याईले सांगा, मशीनची पूजा करायची तं कव्हरावरून करा. आत हात लावू नका."

"हाव वो, सांगतो," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी परत आले. ओसरीवर विळे, कुऱ्हाड, तिफण, भासऱ्यांची सायकल आणि एका पाटावर माझी मशीन. कव्हर बाजूला घडी करून ठेवलेलं. कळांवर हळदीकुंकवाची बोटं. आत, जिथून अक्षरं उठतात तिथे, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. आणि त्या सगळ्यावर पंचामृत शिंपडलेलं. दूध, दही, तूप, मध, साखर. सगळं वाळून चिकट झालेलं. मुंग्यांची रांग पाटावरून चढून रोलरपर्यंत गेली होती.

मी कान्याची कळ दाबली. अक्षर उठलं आणि वरच राहिलं.

"आत्याबाई, कव्हर कोणी काढलं?"

भासरे खांबाला टेकून बसले होते. "माय, तिले सांग, देवाले का कोणी कपड्यावरून अंघोळ घालते? आन् अक्षरं नवीन बसवले. पाटी-पुस्तकाची पूजा करतो आपण, मंग अक्षराची मशीन काऊन सोडाव? सरस्वती हाय ते."

"त्याईले सांगा, सरस्वती साखर खात नाही. मुंग्या खातात."

"राग काऊन करतं वो? तुह्यासाठीच केलं त्यानं. परीक्षा हाय तुही."

दसऱ्याच्या दिवशी सगळं गाव सोनं वाटत फिरत होतं आणि मी परसात रॉकेलची वाटी, चिंध्या आणि काड्या घेऊन बसले होते. रोलर आधी काढून ठेवला, कारण रॉकेल लागलं की रबर फुगतं. मग एकेक अक्षर पुसलं. मधानं साखर धरली होती, साखरेनं अक्षता धरल्या होत्या. शेजारणी सोनं द्यायला आल्या आणि माझे काळे हात पाहून पदराआड हसल्या. "सणाचं तरी राहू दे वो मास्तरीनबाई!" मी म्हटलं, "तिथं कट्ट्यावर ठेवा."

मालक सुटीवर आले होते. म्हणाले, "जाऊ दे ना. दादाचं मन चांगलं आहे."

"मनाचं मी काय करू? मले काना पाहिजे."

त्यावर ते उठून सोनं वाटायला गेले. मला आठवतं, मला त्या वेळी भासऱ्यांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. भासऱ्यांना मशीन कळत नव्हती. ह्यांना कळत होती.

बाकी सगळं सुटलं. काना मात्र पुरता सुटला नाही. तो उठे, अक्षर मारी आणि परत पडायला वेळ लावी. अकोल्याला पुन्हा जायला दिवस उरले नव्हते. परीक्षा बुलढाण्याच्या एका शाळेत झाली. घंटा वाजली आणि शेजारच्या मशीनी सुरू झाल्या. मी टाइप करत होते आणि काना अडला की डाव्या करंगळीनं त्याची दांडी खाली पाडत होते. करंगळी फितीला घासून काळी झाली, मग सोलली. पर्यवेक्षक दोनदा माझ्या बाकाजवळ येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. मजकूर पुरा केला आणि कागद ओढून काढला.

पास झाले. अगदी काठावर, पण पास. नोकरी कायम झाली.

निकाल लागला त्या संध्याकाळी घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली, ओसरीवर चार लोक बसलेले आणि भासऱ्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा. "पूजा पावली बे," ते सांगत होते. "मी तं म्हटलंच होतं. मधाचा हात मुद्दाम सैल सोडला होता मी."

लोक माना डोलवत होते. आत्याबाईंनी एक पेढा माझ्यासमोर धरला. मी घेतला नाही. डोक्यावरचा पदर जागेवर होता, तो तसाच ठेवला आणि ओसरीवर पुढे झाले.

"भाऊजी, पूजेनं पास नाही झाली मी. तुमच्या पंचामृतानं नोकरी जाऊन राह्यली होती माही. हे बोट पाहा. ह्या बोटानं पास झाली."

एकाच्या तोंडात पेढा तसाच राहिला. भासऱ्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "माय, हे कोणाशी बोलून राह्यली?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मीच म्हटलं,

"तुमच्याशी."

त्यांनी पुडा खाली ठेवला आणि बैलांकडे निघून गेले. मी आत गेले, मशीन चादरीत बांधली आणि दाराशी ठेवली. सकाळच्या गाडीनं ती कचेरीत न्यायची होती.