जेवूनच आलो, काकू

दुसऱ्याच्या सोफ्यावर कसं राहावं, या विषयात माझ्याइतका अभ्यास अख्ख्या भोपाळात कुणाचा नसेल. कोलार रोडवरच्या मित्राच्या सोफ्यावर मी सात आठवडे काढले आणि त्या सोफ्याला माझा वाससुद्धा लागू दिला नाही. सकाळी उठून चादरीची घडी अशी घालायचो की दुकानदाराने ती नवी समजून परत घ्यावी. अंघोळ पाऊण बादलीत. रिमोट कुणी हातात दिला तरी मी फक्त आवाज कमी करायचो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे यजमानाच्या घरी जेवायचं नाही. हा नियम मी सर्वांत कसोशीने पाळला, आणि त्यानेच घात केला.

माझ्या घरमालकाला त्याचं घर तातडीने हवं झालं होतं. अशोका गार्डनमधली खोली मिळाली, पण ती रिकामी व्हायला महिना होता. मित्राला कळलं तसा तो फोनवर माझ्यावर तुटून पडला.

"अबे, लॉजमध्ये कशाला राहतो? घरी ये. आईला सोबत होईल. बाबा गेल्यापासून तिचं खाणंच सुटलंय यार. कुणी समोर बसलं तरच दोन घास खाते. आम्ही दोघं नवराबायको घरी येतो आठ-साडेआठला."

मी "अरेरे" म्हटलं आणि बॅग भरायला लागलो. म्हाताऱ्या माणसांचं खाणं कमी होतंच, असं माझं शास्त्र. त्याने मला कशासाठी बोलावलं होतं ते एवढं स्वच्छ सांगितलं, आणि मी मात्र सोफ्याची लांबी विचारली.

संध्याकाळी सात वाजता मी पोचायचो. काकू दार उघडायच्या. नागपूरहून लग्न होऊन आलेल्या, चाळीस वर्षं भोपाळात राहूनही बोलणं तिकडचंच.

"हात धू बापू, वाढते."

"नको काकू, जेवूनच आलो."

"आजही? कुठं रे?"

जेवलो असायचो बिट्टन मार्केटच्या कोपऱ्यावर, दोन समोसे. पण 'समोसे' म्हटलं तर ताट वाढलंच जाणार. म्हणून मी साहेबांच्या नातवाची मुंज काढायचो. "पंगत एवढी लांब काकू, की वरण शेवटच्या पानावर पोचेपर्यंत पहिली माणसं हात धुऊन घरी जाऊन झोपली."

"अन् पुरणपोळी?"

"घडी घालायला दोन माणसं लागली. तुपासाठी नळ बसवला होता."

काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. "फेकू नको रे मेल्या." मग म्हणायच्या, "ऐकूनच पोट भरलं. तसंही, मी जेवलीच आहे."

रोज एक पंगत. साखरपुडा, वास्तुपूजन, कुणाचं प्रमोशन. महिन्याभरात मी भोपाळातल्या एवढ्या लोकांची लग्नं लावली की शहरात अविवाहित माणूस शिल्लक राहिला नसावा.

चौथ्या आठवड्यात वहिनींनी मला बाल्कनीत गाठलं. आदल्या दिवशी त्या ऑफिसातून लवकर आल्या होत्या.

"भाऊजी, आमच्या हातचं तुम्हाला चालत नाही का?"

"तसं काही नाही वहिनी. ओझं नको, म्हणून. आणि काकू तर माझ्याआधीच जेवलेल्या असतात."

"कोण म्हणालं?"

"त्याच."

वहिनी कठड्याला टेकल्या. "आम्हाला सांगतात, पाहुण्याबरोबर जेवायला बसले. वर्षभर गॅसजवळ गेल्या नव्हत्या. तुम्ही आलात तशा रोज दुपारपासून स्वयंपाकाला लागतात. पाहुणा उपाशी असताना घरच्या बाईने जेवायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं. आणि पाहुणा जेवून आला, तर आपण अजून जेवलो नाही असं त्याला सांगायचं नाही, त्याला अवघडल्यासारखं होतं. मग एकटीला घास उतरत नाही. काल फाटकापाशी गाईला घालत होत्या. वरण, भात, वांग्याची भाजी, सगळं."

त्या संध्याकाळी मी दारातूनच म्हटलं, "काकू, भूक लागली."

"आज पंगत नाही कुठं?"

"आज सगळ्या भोपाळाला उपास आहे."

त्यांनी दोन ताटं वाढली. मी चौघांचं जेवलो. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली, दुसऱ्या दिवशीही अर्धीच. तिसऱ्या दिवसापासून नुसतं वरणाचं पाणी. समोर बसून मी हवं ते बोलत होतो, पण घास गिळवेना त्यांना. नवव्या दिवशी दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय होतं, दुखणं जुनं होतं. घरात माझं नाव कुणी घेतलं नाही.

तेरवी झाल्यावर मित्राने मला स्कूटरवरून अशोका गार्डनला सोडलं. बॅग उतरवताना त्याने विचारलं, "रोज काय बोलायचे रे तुम्ही?"

"पंगती सांगायचो. हसायच्या."

"हसायची?" तो म्हणाला. "बाबा गेल्यावर आमच्यासमोर नाही हसली कधी. एखादी सांग ना."

मी साहेबांच्या नातवाच्या मुंजीपासून सुरुवात केली. पंगत लांब होती म्हटलं आणि पुढे काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा. मग जे होतं ते सांगितलं. मुंज नव्हती, साहेबांना नातूच नाही. रोज दोन समोसे खायचो, उभ्या उभ्या.

तो म्हणाला, "म्हणजे घरात आई ताट घेऊन..."

मी बॅग घ्यायला हात पुढे केला, पण ती त्याने दिली नाही. ती उचलून तोच पुढे जिना चढायला लागला, आणि मी त्याच्यामागून.