मंगरूने न कापलेलं झाड

आमच्या गावात कुणाच्या अंगणातलं झाड काढायचं असलं की लोक मंगरू रामटेकेला बोलवायचे. तो मात्र झाड काढतो किंवा पाडतो असं कधी म्हणायचा नाही, 'उतरवतो' म्हणायचा. जंगलातलं झाड पाडता येतं. दोन घरांच्या मधलं झाड शेंड्याकडून, एकेक खांदी दोराला बांधून खाली आणावं लागतं. मंगरू वर चढायचा आणि त्याची बायको मालनबाई खाली दोर धरून उभी राहायची. दोघांत बोलणं होत नसे. दोर एकदा हलला की तिने ताण द्यायचा, दोनदा हलला की सैल सोडायचा. वीस-बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या छपराचं एक कवेलू फोडलं नाही.

मी तहसील कार्यालयासमोर, कोर्टाला लागून, टायपिंगचं दुकान चालवतो. उत्पन्नाचा दाखला, फेरफार, विजेच्या मीटरची तक्रार, लागेल तो अर्ज लिहून देतो. मंगरूशी माझी ओळख झाली ती त्याच्यावर केस झाली तेव्हा.

घनश्याम नावाच्या एका घरमालकाने त्याला अंगणातला निंब उतरवायला सांगितलं होतं. परवानगी काढली आहे, असंही सांगितलं होतं. मंगरूने विश्वास ठेवला. अर्धा निंब खाली आला तेव्हा पालिकेची माणसं आली. शेजाऱ्याने तक्रार केली होती. घनश्याम म्हणाला, मी तर फक्त वाळलेल्या काड्या छाटायला सांगितल्या होत्या. लाकूड कापायची मशीन आणि दोर जप्त झाले. मंगरू पावणेदोन वर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिला. तारखेच्या दिवशी नाव पुकारेपर्यंत तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचा.

"साहेबानं इचारलं, कागद कोठी हाये," तो मला सांगायचा. "मी म्हनलो, मालकापाशी. मालक म्हने, मी तं सांगतलंच नाई. आता कुऱ्हाड कोनाच्या हातात होती? माह्या."

शेवटी दंड होऊन सुटला, मशीन आणि दोर परत मिळाले. त्या दिवशी तो परत पायरीवर आला आणि म्हणाला, "सचिनभाऊ, मले हा कायदा पुरा समजावून सांग. वाचून नोको दाखवू, सांग."

मी सांगितलं. झाड आपल्या अंगणात असलं तरी आपल्या मर्जीने तोडता येत नाही. अर्ज करायचा. अधिकारी येऊन झाड बघतो, मोजतो, फोटो काढतो. झाडावर नोटीस चिकटवतात, कुणाची हरकत असेल तर ऐकतात. मग आदेश निघतो. त्यात तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची ते लिहिलेलं असतं, आणि ती जगवून दाखवावी लागतात. मोठी खांदी कापायची तरी परवानगी लागते.

मंगरू चौथी शिकलेला. त्याने हे सगळं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. तेव्हापासून कुणीही बोलवायला आलं की त्याचा एकच सवाल असे, कागद कुठे आहे. लोक हसायचे. कुणी म्हणे, मंगरू साहेब झाला. काही जण दुसऱ्या गावची माणसं आणून काम उरकून घ्यायचे. स्वतःच्या साळ्याच्या घरची बाभूळसुद्धा त्याने कागदाशिवाय कापली नाही, आणि त्यावरून साळा वर्षभर बोलला नाही. मंगरूला त्याचं काही वाटलं नाही. पुन्हा कोर्टाच्या कठड्यात उभं राहायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

कामिनीबाई त्याच्याकडे आल्या त्या एप्रिलमध्ये. बसस्टॅंडच्या मागच्या लेआऊटमध्ये त्यांचं घर होतं. नवरा हेमराज जवाहरनगरला फॅक्टरीत कामाला. पहाटे निघायचा, संध्याकाळी यायचा. एकच मुलगी, हर्षा, आठवीत. अंगणात मोठा गुलमोहर होता, आधीच्या मालकाने लावलेला. बुंध्याचे दोन भाग होतात त्या दुबेळक्यात फट पडली होती आणि त्यातली एक जाड खांदी अंगणावर आडवी गेली होती.

मंगरू जाऊन बघून आला. कुऱ्हाडीच्या पाठीने त्याने बुंधा ठोकला, कान लावला.

"पोकर हाये बाई," त्याने खरं ते सांगितलं. "आतून सडला."

"मंग उतरवून द्या ना भाऊ. मले झोप नाई येत."

"उतरवतो. पहिले कागद आना."

त्यानेच त्यांना माझ्याकडे पाठवलं. कामिनीबाई माझ्या समोरच्या स्टुलावर बसून सांगत होत्या, की फट पडली आहे, आतून पोकळ आहे, मुलगी अंगणात अभ्यासाला बसते. माझ्या दुकानात गर्दी होती. झाडाच्या अर्जाचा एक नमुना माझ्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होता. 'सदर वृक्ष जुना झाला असल्याने तोडण्यास परवानगी मिळावी.' मी नाव बदललं, गट नंबर बदलला, प्रिंट काढून दिली. त्यांनी सही केली. फट, पोकळपणा, धोका, यातला एकही शब्द त्या कागदावर नव्हता. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण बरेच दिवस मला ते कुणालाच सांगता आलं नाही.

अर्ज त्याच्या रांगेत लागला. दोन आठवड्यांनी पालिकेचा माणूस येऊन झाड मोजून गेला. मग नोटीस लागली. कामिनीबाईंनी त्याला फट दाखवली होती. तो म्हणाला होता, शेरा मारतो. सगळं नियमाने चाललं होतं, फक्त ज्या झाडाला घाई नाही त्याच्या चालीने.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वारा सुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कामिनीबाई मंगरूच्या दारात उभ्या होत्या. हे मला मालनबाईने सांगितलं.

"भाऊ, आता फटीत माहं बोट जाते," त्या म्हणाल्या. "झाड राहू द्या. ते एक खांदी तेवढी काढून द्या. कोनाले मालूम होनार नाई."

"एक खांदी कापली तरी केस होते बाई."

"मी सांगन ना साहेबाले, मीच कापाले लावली म्हनून."

"असाच भरोसा देल्ला होता मले निंबाच्या मालकानं."

मालनबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जाऊन या ना जी. एक खांदी तं हाये. मी येतो दोर धराले."

मंगरू तिच्यावर ओरडला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, परक्या बाईसमोर तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला. मग कामिनीबाईंना म्हणाला, "आठ-दहा दिवसाची गोठ हाये. कागद आला का मी त्याच दिवशी येतो. तवपर्यंत झाडाखाली कोनी बसू नोका."

कामिनीबाई परत गेल्या. घरी जाऊन त्यांनी हर्षाची बाज अंगणाकडच्या खोलीतून मागच्या खोलीत नेली.

सहा दिवसांनी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, आभाळ पिवळं झालं आणि धुळीचं वादळ उठलं. कामिनीबाईंनी अंगणात लुगड्यावर मुंगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. त्या लुगडं गोळा करायला धावल्या. हर्षा दारात होती. तिने हाक मारली की नाही, तिला स्वतःला आठवत नाही. खांदी अर्ध्या बुंध्यासकट फाटून कामिनीबाईंच्या अंगावर आली.

शेजारचे पाच-सहा जण जमले, पण लाकूड हलेना. कुणीतरी मोटरसायकलवर मंगरूकडे गेलं. तो मशीन घेऊन, मालनबाईला मागे बसवून आला. त्या दिवशी त्याने कुणाला काही विचारलं नाही.

कामिनीबाई जिवंत होत्या. कमरेखालचा भाग लाकडाखाली होता. घाई केली असती तर लाकूड आणखी बसलं असतं, म्हणून मंगरूने खाली दगड लावले, मालनबाईने दोर शेजारच्या खांबाला घेतला, आणि मग त्याने मशीन चालू केली. वीस मिनिटं लागली. मशीनचा आवाज थांबला की बाईंचं कण्हणं ऐकू यायचं. मंगरू नंतर मला म्हणाला, "मले वाटे मशीन बंदच नाई झाली पायजे."

ॲम्बुलन्स भंडाऱ्याला निघाली. शहर यायच्या आतच त्या गेल्या. हेमराज फॅक्टरीतून थेट दवाखान्यात पोचला, तेव्हा त्याच्या डब्याची पिशवी अजून खांद्यावर होती.

पोलिसांनी पंचनामा केला, अपघाती मृत्यूची नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी मंगरू आपणहून ठाण्यात गेला. मी बरोबर होतो. हवालदाराने विचारलं, काय काम आहे.

"माहा बयान लिहून घ्या," मंगरू म्हणाला. "त्या बाईनं मले दोनदा सांगतलं होतं. मले मालूम होतं झाड पोकर हाये. मी कापलं नाई."

"परवानगी होती का?"

"नोती."

"मग तू बरोबरच केलं ना. यात गुन्हा कोणता लिहू?"

मंगरू टेबलासमोर उभाच राहिला. हवालदाराने त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं, शेवटी घरी जायला सांगितलं. निंब कापला तेव्हा त्याच्यावर पानं भरभरून लिहिली गेली होती. या वेळी एक ओळसुद्धा कुणी लिहून घेतली नाही. बाहेर येऊन तो ठाण्याच्या भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "सचिनभाऊ, मंग हे कोनाकडे सांगाचं असते?"

मी तेव्हाच त्याला माझ्या अर्जाबद्दल सांगायला हवं होतं. मी म्हणालो, चल, ऊन लागतंय.

तेरवीच्या दिवशी तो हेमराजच्या घरी गेला, पण मांडवात शिरला नाही. फाटकापाशी उभा राहिला. हेमराजने त्याला बघितलं, मान हलवली, आणि पंगतीकडे वळला. त्याने मंगरूला कधी दोष दिला नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. हर्षा मात्र फाटकापर्यंत आली.

"काकाजी, आईनं तुमाले एकच खांदी कापाले सांगतली होती ना?"

"हो बेटा."

"मंग काहून नाई कापली?"

मंगरूने तिला कोर्ट, कागद, निंब, काहीच सांगितलं नाही. तो म्हणाला, "मी भेलो." हर्षा आत निघून गेली.

जूनमध्ये पालिकेचा माणूस हेमराजकडे आला. झाड आपोआप पडलं असल्याने अर्ज निकाली काढल्याचं पत्र त्याने दिलं. वाटलं तर रोपं मिळतील, असंही तो चांगुलपणाने म्हणाला. हेमराजने उरलेला बुंधा तसाच ठेवला. बुंध्याला कुणी हात लावलेला त्याला चालत नाही.

यानंतर मंगरू काम सोडेल असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. त्याच्याने कुणालाच नाही म्हणणं होईना. 'झाड घरावर येते' एवढं कुणी म्हटलं की तो निघतो. कागद विचारत नाही, बुंधा ठोकून बघत नाही. लोकांना हे लवकरच कळलं. मागच्या वर्षी एका बांधकामवाल्याने त्याला सांगितलं, जांभूळ भिंतीवर झुकली आहे, आत लहान लेकरं आहेत. मंगरूने दिवसभरात जांभूळ उतरवली. लाकूड आतून लालभडक, निरोगी होतं. भिंतीच्या आत लेकरं नव्हती, कुणी राहतच नव्हतं. मालकाला तिथे गाडीसाठी फाटक करायचं होतं. मंगरूवर दुसऱ्यांदा केस झाली.

मालनबाईने त्यानंतर दोर धरायचं सोडलं. "खोट्यासाठी मी उभी नाई राहत," ती म्हणाली, आणि अड्याळकडे धान रोवण्याच्या कामाला जाऊ लागली. मंगरू आता एकटाच चढतो, दोर शेजारच्या झाडाला नाहीतर खांबाला बांधतो. पावसाळ्यात एक खांदी फिरून त्याच्या खांद्यावर बसली. डावा हात अजून वर जात नाही.

मी कॉम्प्युटरमधला तो नमुना पुसून टाकला आहे. झाडाचा अर्ज घेऊन कुणी आलं की दुकान बंद करून त्याच्या घरी जातो, झाड बघतो, मग लिहितो. मंगरूला मी शेवटी सगळं सांगितलं, या दिवाळीनंतर. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुह्या कागदानं काय झालं असतं सचिनभाऊ. माहा हात तं तेथंच होता."

परवा तारखेला तो आला होता, माझ्या पायरीवर बसला होता. एक माणूस त्याला शोधत आला, घरामागच्या चिंचेबद्दल सांगू लागला, की कलली आहे, भीती वाटते. मी मध्ये पडलो. म्हणालो, मंगरू, हा खोटं बोलतो आहे, मी ते झाड बघितलं आहे, सरळ उभं आहे.

"बोलत असन खोटं," मंगरू म्हणाला. "आन खरं असन तं?"

कोर्टातून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो त्या माणसाला शुक्रवारी येतो असं सांगून, दुखरा हात पोटाशी धरून, पायऱ्या चढून आत गेला.