अडकलोय, पण आरामात

मामींचा नवरा घरसामान हलवण्याच्या कामावर होता. कपाटं, पलंग, एकदा तर अख्खा पियानो. इतरांना जे उचलवायचं नाही ते शेवटी मामांच्या खांद्यावर यायचं. अंगाने आडदांड, आवाज खर्जातला आणि तोंडाला म्हणून विसावा नाही. मामी अगदी उलट. पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर लोकांचे पडदे शिवत बसायच्या आणि दिवसभरात मोजकंच बोलायच्या. मूलबाळ नव्हतं. मामांची भाची शिकायला म्हणून आली ती त्यांच्याकडेच राहिली, आणि तिच्या हाका ऐकून सगळी गल्ली दोघांना मामा-मामी म्हणू लागली.

एकदा काय झालं, एका घराची भलीमोठी आरामखुर्ची वरच्या मजल्यावर चढवताना जिन्याच्या वळणावर अशी काही रुतली, की वरही जाईना आणि खालीही येईना. मामांचा जोडीदार हत्यारं आणायला गाडीकडे गेला. मामांनी काय करावं? सरळ त्या खुर्चीत ऐसपैस बसले, पायावर पाय टाकला आणि घरमालकिणीने दिलेला चहा निवांत पिऊ लागले. मालकिणीची मुलगी फोन घेऊन वरच्या पायरीवर उभी होती. तिने ते चित्र इंटरनेटवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘अडकलोय, पण आरामात.’

झालं! वणव्यासारखं पसरलं ते मीम. परीक्षेत आपटलेल्यांनी टाकलं, नोकरीला कंटाळलेल्यांनी टाकलं, लग्न जमत नसलेल्यांनी टाकलं. मामींना यातलं काही ठाऊकच नव्हतं. एका घरी पडदे लावायला गेल्या असताना तिथल्या बाईने कौतुकाने फोन पुढे केला, “हे बघा, हसून हसून पुरेवाट झाली माझी!” आणि मामी बघतात तर आपलाच नवरा! त्या तशाच तरातरा घरी आल्या.

“अहो, सगळ्या जगात हसं झालंय तुमचं!”

मामांनी चष्मा लावून फोटो नीट निरखला. “छान आलोय की. पोट तेवढं आत घ्यायला हवं होतं.”

“लाज कशी वाटत नाही?”

“अगं, हसू देत की. जन्मभर लोकांच्या खुर्च्या उचलल्या, एकीत बसलो तर बिघडलं कुठे?”

मामींना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्या फोटोवरचा राग मात्र मनात तसाच राहिला.

पुढे एका सकाळी कामावर निघताना मामा बुटाची नाडी बांधायला वाकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी थांबलं.

घर गप्प झालं. मामींनी काम सोडलं नाही, पण शिवताना मध्येच हात थांबायचा. एक भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती आणि ती त्यांनी एकदाच भाचीला बोलून दाखवली. “चेहरा आठवतो गं. आवाज पुसट होत चाललाय.” भाचीने सगळे फोन धुंडाळले. मामांचा आवाज कुठेच नव्हता. इतका बडबड्या माणूस, पण फोनवर ‘निघालो’ म्हणून ठेवून द्यायचा.

आवाज नव्हता, पण तो फोटो मात्र पाठ सोडत नव्हता. इमारतीची लिफ्ट बिघडली तेव्हा कुणीतरी तोच फोटो छापून लिफ्टच्या दाराला चिकटवला. पिशव्या घेऊन आलेल्या मामी त्याच्यासमोर थबकल्या, मग त्यांनी तो टराटरा फाडला आणि जिन्यावरच रडत बसल्या. भाचीने त्यांना तिथून हाताला धरून वर आणलं.

जुन्या मीममागची माणसं शोधणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप होता. भाचीने त्यात लिहिलं, ‘खुर्चीतला माणूस माझा मामा. तो आता नाही. हा फोटो दिसला की मामीला त्रास होतो. थोडे दिवस थांबाल का?’ लोक टिंगल करतील अशी तिची खात्री होती. उलटंच झालं. एकामागून एक उत्तरं येऊ लागली, आणि ती मामींच्या यंत्राशेजारी बसून मोठ्याने वाचू लागली. कुणी ट्रकवाला लिहीत होता, घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा हा फोटो घरी पाठवला म्हणून बायकोचा जीव भांड्यात पडला. एका बाईने लिहिलं होतं, ‘माझं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. मी पेटीजवळ बसून रोज घरी हा फोटो धाडायचे, म्हणजे सगळ्यांना कळायचं की आज आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या मामांनी मला फार धीर दिलाय.’

यंत्र थांबलं. “बाळ कसं आहे आता? विचार तिला.”

भाचीने विचारलं. लगेच उत्तर आलं, ‘शाळेत जातं. बाईंनी कालच तक्रार केलीये.’

मामा गेल्यापासून मामी पहिल्यांदा हसल्या.

ग्रुप चालवणारी बाई टपाल कचेरीत कामाला होती. तिने निरोप पाठवला, ‘मामींसाठी आम्ही काही करू शकतो का?’ मामी म्हणाल्या, “काही नको म्हणावं.” मग बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिल्या. “कुणाकडे त्यांचा आवाज असेल तर तेवढा विचार.”

मग ती सगळी माणसं कामाला लागली. फोटो काढणाऱ्याकडे कदाचित आणखी काही असेल, पण मामांच्या जोडीदाराला ते घर आठवेना; रोज नवं घर, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार? पण फोटोत जिन्याचा हिरवा कठडा होता आणि मागे गोल खिडकी. एकाने ती खिडकी ओळखली, दुसरा जाऊन इमारत बघून आला. ते कुटुंब तिथून केव्हाच हललं होतं. तिसऱ्याने शेजाऱ्यांकडून पत्ता काढला. फोन घेऊन पायरीवर उभी असलेली ती मुलगी आता दूरच्या शहरात गुराढोरांची डॉक्टर होण्यासाठी शिकत होती. तिने लिहिलं, ‘मी फोटो काढलाच नव्हता. व्हिडिओ काढला होता, त्यातलं एक चित्र टाकलं. अख्खा व्हिडिओ आहे माझ्याकडे.’

भाचीने फोन मामींच्या हातात दिला. खुर्ची, जिना, चहाचा कप, आणि मग तो खर्जातला आवाज खोलीभर झाला.

“घाई कसली, पोरी? खुर्ची हलत नाही, मग मी कशाला हलू? आईला सांग, चहा झकास. अजून चमचाभर साखर मिळेल का? घरी बंद केलीये बायकोने. तिला कळलं ना, तर या खुर्चीसकट जिन्यावरून ढकलून देईल!” आणि मग ते गडगडाटी हसणं.

“लबाड कुठला!” मामी ओरडल्या. “मी तिकडे साखर लपवून ठेवतेय, आणि हा इकडे लोकांच्या घरी...” डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या. “परत लाव गं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला फोन धरायला लावून ग्रुपसाठी निरोप रेकॉर्ड केला. “मी खुर्चीवाल्यांची बायको बोलतेय. तुमच्यावर फार रागावले होते मी. वाटायचं, माझ्या माणसाची थट्टा करताय. तुम्ही त्याला किती जपलंत ते आता कळलं. माझ्या नात्याचे ना गोत्याचे, पण त्याचा आवाज शोधून आणून दिलात. तुमचे उपकार कसे फेडू? तो फोटो खुशाल वापरा. फक्त कुणी खरंच अडकलेलं असेल, तर पाठवून झाल्यावर एक फोनही करा त्याला.”

त्या मुलीला त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, “मामी, माफ करा. तेव्हा मी लहान होते, त्यांना न विचारताच टाकलं मी ते.”

“अगं वेडे, माफी कसली मागतेस? तू नसतं टाकलंस तर आज माझ्याकडे काय असतं? ते जाऊ दे. मला आधी सांग, पुढे त्याला साखर दिलीत की नाही?”

“दिली ना. आईने दोन चमचे घातली.”

“बरं केलंत,” मामी म्हणाल्या. “फार बरं केलंत.”