बाप असताना काढलेली मिशी

सुई दातात धरून बोलायचं. बशीत ओतलेला चहा थंड होऊ द्यायचा. दुकानात कुणी आलं की आधी त्याच्या खांद्यांकडं बघायचं, मग तोंडाकडं. विचारात असलं की मिशीचं डावं टोक पिळायचं.

अणदूरच्या गुरुप्रसाद शिंप्याच्या या सवयी. एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजारानं त्या एकेक करून नेल्या. आधी बोटं गेली, मग हात. जीभ जड झाली. आता श्वासाची पाळी होती. आडवं झालं की छाती भरेना.

सोलापूरच्या डॉक्टरांनी बायपॅपचं मशीन दिलं. नाकातोंडावर मास्क, नळीतून हवा. पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यानं मानेनंच झिडकारलं. मग बायको भैरवी दिवसा, तो खुर्चीत बसलेला असताना, थोडा थोडा वेळ लावू लागली. नाकाच्या हाडावर वळ उठला, तिथं जुन्या धोतराची मऊ घडी ठेवली. पट्टे किती ओढायचे ते तो डोळ्यांनी सांगे. शिंपीच तो. एवढं करूनही मिशीखालून हवा निसटे, मशीन ठणाणा करी आणि त्याला पुन्हा उठवून बसवावं लागे.

"डॉक्टर म्हणले मिशी काढा," भैरवी सासऱ्यांना म्हणाली. "पण ह्ये ऐकंनात, आबा."

वसंतरावांना कारण माहीत होतं. त्यांच्यात बाप गेल्यावरच लेकाची मिशी उतरते. ते उठले आणि स्वतःचं दाढीचं सामान घेऊन आले.

"आबा... न्हाय," गुरुप्रसाद कसाबसा बोलला.

"गप. माझ्या मरणाची वाट बघत बसलास तर लई उशीर हुईल. जुनं लाकूड हाय हे."

त्यांनी लेकाची हनुवटी धरली आणि हळूहळू वस्तरा फिरवला. कुठं कापलं नाही. त्या दुपारी मास्क चपखल बसला. गुरुप्रसाद आडवा झोपला. वसंतराव त्याची छाती वरखाली होताना बघत राहिले.

गावात बातमी फिरली ती वेगळीच. नळदुर्गचे जुने स्नेही सिद्रामप्पा दुखवट्यासाठी डोक्याला उपरणं गुंडाळून दारात आले आणि वसंतरावांनाच बघून थिजले.

"गुरुप्रसादनं मिशी काढली म्हणून कळलं... मला वाटलं, तुमीच..."

"व्हय, मीच मेलोय. या, बसा. आधी चहा घ्या, मग रडा."

मास्कच्या आत गुरुप्रसाद हसला. कडेनं हवा सुटली, मशीन ओरडलं. ते घर त्यानंतर हसलं नाही.

वसंतरावांना वाटलं होतं, मिशी गेली तर लेक राहील. मशीननं त्याला झोप दिली, थोडे दिवस दिले. आजार त्यानं थांबणार नव्हता. डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वसंतरावांनी ऐकलं नव्हतं.

थंडी संपायच्या आत गुरुप्रसाद गेला. तिरडीवर त्याचा वरचा ओठ उघडा होता. बापाची मिशी जागच्या जागी होती.

दुकानात शिलाई मशीनवर एक पांढरा सदरा आहे. हात चालत होते तेव्हा त्यानं वसंतरावांसाठी शिवायला घेतलेला. कॉलर झाली, खिसा झाला, डावी बाही लागली. उजवी टाचण्या लावून ठेवली आहे.