पत्त्यापुढचा आकडा

मी धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोकांना वाटतं, हा नुसता धूळ झटकतो. झटकतोही, पण जास्त वेळ जातो दूरचा कॉम्प्युटर इथे बसून उघडून देण्यात. पत्ता टाकायचा, पुढे दोन टिंबं, मग पोर्टचा आकडा. पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे त्यातली खोली, असं मी सगळ्यांना समजावतो.

अक्का, माझी थोरली बहीण, सोनगीरजवळ स्कूटीवरून पडली. डोक्याला मार लागला, पण बोलत होती. दवाखान्यात स्कॅन काढला. तो वाचणारा डॉक्टर जळगावला. तो तिथूनच दवाखान्याचा कॉम्प्युटर उघडून बघायचा. थोड्या वेळात फोन आला, डोक्यात रक्तस्राव नाही, घरी न्या. आम्ही नेलं. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, आणि परत दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

तेराव्यानंतर मला राहवेना. जळगाव गाठलं आणि डॉक्टरच्या टेबलाशी बसून सगळं तपासलं. तोही बिचारा बाजूला उभा होता. दवाखान्यात स्कॅनची मशीन नवी आलेली, म्हणून पोर्टही नवा. त्याचा आकडा डॉक्टरने त्या दिवशी पहिल्यांदाच हाताने टाकला होता. आता आपल्याकडे पेशंटची नावं मराठीत लिहायची, त्यामुळे कीबोर्ड दिवसभर मराठीतच. आकडे मराठी पडले. कोणाला खटकणार? आपण लहानपणापासून तेच आकडे वाचतो.

त्या सॉफ्टवेअरला मात्र ते कळले नाहीत. बरं, कळले नाहीत तर थांबावं ना. ‘हा आकडा मला समजत नाही’ एवढं म्हणायला काय जात होतं त्याच्या बापाचं? नाही. त्याने आकडा फेकून दिला आणि पोर्ट दिलाच नाही असं धरून ते नेहमीच्या खोलीत शिरलं. तिथे दवाखान्याच्या ऑफिसचा कॉम्प्युटर, जुने स्कॅन ठेवलेला. पासवर्ड दोन्हीकडे एकच. डॉक्टरने अक्काचं नाव शोधलं आणि ते सापडलं, कारण मागच्या वर्षी डोकेदुखीसाठी तिचा त्याच दवाखान्यात स्कॅन झाला होता. तारीख कोपऱ्यात बारीक अक्षरात होती. घाईत ती कोणी बघितली नाही. माझं डोकं इतकं सणकलं की तो कीबोर्ड आपटावासा वाटला.

घरी हे कोणाला सांगितलेलं नाही. आई अजून जेवताना मध्येच थांबते आणि विचारते, “डाक्टरनी देखं व्हतं ना रे अक्कानं डोकं?”

मी म्हणतो, “हा माय, देखं व्हतं.”

खोटं नाही ते. डॉक्टरने बघितलेलं डोकं अक्काचंच होतं. मागच्या वर्षीचं, धडधाकट.