दोन थरांची रेडियम पट्टी

त्या चाकाची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सकाळी वेळेवर घेतो, तरी फिरतं. आधी राग त्या दुकानदाराचा येतो आणि मग स्वतःचा. दुसरा राग लवकर जात नाही.

सुरतेत मी तेव्हा एका पोलीस स्टेशनचा इन्चार्ज होतो. हद्दीत लूमचे कारखाने आणि कामगारांच्या वस्त्या. मी मूळचा खानदेशी, त्यामुळे डिंडोली-गोडादऱ्याकडची आपली माणसं तक्रार घेऊन आली की थेट माझ्या केबिनकडेच यायची. सोमवारी सकाळी बमरोलीच्या बाजूला अपघात झाल्याची वर्दी आली. एक लूम कारागीर बायकोला मागे बसवून मोटरसायकलवरून बाजाराला निघाला होता. खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि तुटलं. गाडी पालथी झाली. त्याचा खांदा निखळला आणि बायको जागेवरच गेली. आठ वर्षांची मुलगी शाळेत होती म्हणून वाचली.

मी जागेवर गेलो, गाडी पाहिली, पंच बोलावले. पंच म्हणजे नेहमीचेच, समोरचा चहावाला आणि पानवाला. स्टेशनच्या लेखनिकाने, म्हणजे रायटरने, पंचनामा लिहिला आणि त्यात आमचं ठरलेलं वाक्य घातलं, 'पूरझडपे अने गफलतभरी रीते हंकारी', म्हणजे भरधाव आणि बेपर्वाईने गाडी चालवून. अपघात कसाही होवो, हे वाक्य रायटरच्या हातात तयारच असायचं. मी सही ठोकली. गुन्हा नवऱ्यावरच दाखल झाला.

दवाखान्यात त्याचा जबाब घेतला तर तो स्वतःच म्हणाला, "साहेब, मनीच चूक शे. ती दोनदा बोलनी, पुढून टकटक वाजतंय म्हणून. माले ऐकूच नही उनं."

रोज बारा तास लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. चाळिशीच्या आतच कान गेलेले. हे आमच्या हद्दीत घरोघरी आहे, माझ्या सख्ख्या काकांचंही तेच झालं होतं. एवढं माहीत असूनही आम्ही काय लिहिलं? 'वाहनात दोष असल्याचे माहीत असूनही चालवले.' त्याच्या रडण्याचा आम्ही कबुलीजबाब करून टाकला!

तो जामिनावर सुटला, पण खरी शिक्षा घरी वाट बघत होती. सासरा दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो नातीला घेऊन गेला आणि जावयाला दारातूनच सांगितलं, "माझ्या पोरीला तू मारलं. पोलिसांनीच लिहिलंय. आता नातीचं तोंड दिसणार नाही तुला." पुढे हा माणूस आठवड्याला एकदा स्टेशनवर हजेरी द्यायला यायचा आणि जाताना एकच विचारायचा, "साहेब, पोरगी कधी मिळेल?" मी म्हणायचो, "ते कोर्ट बघेल." किती सोपं होतं मला ते म्हणणं!

पाचेक महिने असेच गेले. एके दिवशी दुपारी एक म्हातारा मिस्त्री भाडेकरूची नोंद द्यायला आला. मूळचा अकोल्याकडचा. चाकांचे आरे ओढणं, वाकलेल्या रिमा सरळ करणं यात त्याची हयात गेली होती. नंबर यायला वेळ होता म्हणून तो आवारात जप्त गाड्यांजवळ फिरत राहिला. मी बाहेर आलो तर हा त्या मोटरसायकलपुढे उकिडवा बसलेला.

"ए बाबा, मुद्देमालाला हात लावू नको," मी खेकसलो.

त्याने मान वरही केली नाही. "साहेब, हे चाक पयलेच तुटेल होतं. मंग जोडलं. आता दुसऱ्यांदा तुटलं."

"तुला काय माहीत?"

"वाकून पाहा ना तुम्ही. कमरेत दुखते काय?"

मी वाकलो. ॲलॉयचं पाच दांड्यांचं चाक होतं. एक दांडी रिमपासून सुटलेली. त्याने बोट ठेवून दाखवलं, तुटलेल्या जागी अर्धा भाग साखरेसारखा चकाकत होता, तो नवा तुटलेला. उरलेला अर्धा काळपट, त्यात वेल्डिंगचा गोळा आणि वर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी. त्यावर रंग, आणि रंगावर लाल रेडियमची पट्टी.

"वाकलेली लोखंडी रिम मी सरळ करतो," म्हातारा म्हणाला. "आरा ढिला झाला तं ओढतो. पण तडकेल ॲलॉय भंगारात जाते, साहेब. त्याले वेल्डिंग मारून इकणारा माणूस नाही, कसाई हाय."

पाच महिने ती गाडी माझ्या खिडकीखाली उभी होती. रोज तिच्या शेजारून मी जीपमध्ये बसायचो. आरटीओच्या तपासणीच्या कागदावर 'अपघातात चाक तुटले' एवढंच होतं, आणि मला तेवढं पुरलं होतं. चाकामुळे अपघात झाला की अपघातामुळे चाक तुटलं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

संध्याकाळीच मी कारागिराला बोलावलं. हे चाक कुठून घेतलं, विचारलं. तो म्हणाला, आऱ्यांचं जुनं चाक खड्ड्याने वाकलं होतं. ॲलॉयला ट्यूबलेस टायर बसतं, पंक्चर झालं तरी गाडी लगेच थांबत नाही, कारखान्यातली पाळी चुकत नाही, म्हणून ते घेतलं. दुकानदाराने सांगितलं होतं की नव्या गाडीचं काढलेलं आहे, म्हणून स्वस्तात.

"आणि टकटक वाजते हे कळल्यावर काय केलं?"

"दुकानात गेलतो ना साहेब, दोघं बी. त्यानं चाक फिरवून पाह्यलं. तिले म्हणे, भाभी, ब्रेकचा आवाज शे, जाईल आपोआप."

"अरे, मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच नही."

मी खुर्चीतून उठलो आणि उगाच पाणी पिऊन आलो. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवे पंच बोलावले, या वेळी वर्कशॉपमध्ये काम करणारे दोन जण. त्यांच्यासमोर चाक धुऊन पुसून नीट पाहिलं. चार दांड्यांवर रेडियमची एक-एक पट्टी होती. तुटलेल्या दांडीवर दोन होत्या, एकीवर एक. खालची फिकटलेली, मधोमध चिरलेली. वरची त्या मानाने ताजी, चीर झाकायला नंतर चिकटवलेली.

मी जमादाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पण त्याच्याही तोंडून शिवी गेली.

दुकानावर छापा घातला. मागच्या खोलीत वेल्डिंगचं मशीन, लांबीचे डबे, रंग फवारायची बंदूक आणि भंगारातून आणलेली तडकलेली चाकं. पुढे काचेत तीच चाकं रेडियम लावून चमकत होती. आणि दारात त्या शहाण्याची स्वतःची मोटरसायकल उभी, तिला कंपनीची आऱ्यांची चाकं! माणूस काय विकतो ते त्याच्या दुकानात बघू नये, तो स्वतः काय वापरतो ते बघावं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

चौकशीत सुरुवातीला त्याचं एकच पालुपद, मला काहीच ठाऊक नाही. "साहेब, मने कंई खबर नथी. माल बाहेरून येतो. रेडियम तर फॅशन आहे, सगळेच मागतात."

मी चाक टेबलावर ठेवलं. "पाच दांड्या आहेत. चारवर एकदा फॅशन केली. हिच्यावरच दोनदा का?"

तो चाकाकडे बघत राहिला. मी घाई केली नाही. खोटं बोलणाऱ्याला बोलायला मोकळं सोडलं की तो नवीन गोष्ट रचतो, आणि गप्प बसवलं की जुनी आठवायला लागतो. दहा मिनिटांनी त्याने घाम पुसला.

"ते दोघं आले तेव्हा पट्टी चिरलेली दिसली, साहेब. खाली जोड उघडला होता."

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"हो."

"आणि तू वरून नवीन पट्टी चिकटवलीस. त्या बाईसमोर."

"एक चाक परत घेतलं असतं तर सगळेच परत करायला आले असते ना, साहेब."

हे वाक्य तो अगदी समजावून सांगत होता, जणू धंद्याची अडचण मला कळायला हवी. माझा हात उठला होता. जमादार मध्ये पडला नसता तर माझी नोकरी तिथेच संपली असती. मला त्याची आजही लाज वाटत नाही, खरं सांगतो.

चाक प्रयोगशाळेत गेलं. अहवालात जुना तडा आणि जोड स्पष्ट आले. दुकानदारावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला, त्याच्याकडची चाकं जप्त झाली. कारागिरावरचं निष्काळजीपणाचं कलम काढायला मी कोर्टात अहवाल दिला आणि कोर्टाने तो मान्य केला.

ते कागद घेऊन मी युनिफॉर्ममध्ये सासऱ्याच्या घरी गेलो. जावई माझ्या मागे, खाली मान घालून. मी सगळं वाचून दाखवलं. सासरा ऐकत होता. नात आतल्या दाराशी उभी होती.

"म्हणजे यानं नाही मारलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आठ महिने मी या लेकराला सांगत आलो, तुझ्या बापानं तुझी माय मारली. ते कोनाच्या कागदावरून?"

"माझ्या," मी म्हणालो.

त्याने मला बसा म्हटलं नाही आणि त्याचं बरोबर होतं. पोरगी बाहेर आली, पण बापाजवळ गेली नाही. ती आजोबांच्या मागेच थांबली. आठ महिने जे कानात भरलं होतं ते माझ्या एका कागदाने कसं निघणार? पुढे वर्षभर ती येऊन-जाऊन राहिली, मग हळूहळू बापाकडे रुळली, असं मला जमादाराने सांगितलं.

मोटरसायकल चालवणाऱ्या कोणालाही माझं सांगणं आहे. चाक घेताना रेडियम, रंग, चमक यांना भुलू नका. पट्टी सोलून दाखव म्हणा आणि दुकानदार कुरकुरला तर तसेच घरी या. आठवड्यातून एकदा गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवा, प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. आवाज आला तर ज्याचे कान चांगले आहेत त्याचं ऐका.

पोलिसांना मात्र मी काय सांगू? त्या घटनेनंतर माझ्या स्टेशनात वाहन तपासल्याशिवाय ते 'बेपर्वाईने'चं ठरलेलं वाक्य लिहायला मी मनाई केली. पण त्याआधीच्या एवढ्या वर्षांत त्याच वाक्याखाली मी सह्या करत आलो होतो. त्यातल्या कोणत्या घरात एखादा आजोबा आजही नातवंडाला तेच सांगत असेल, मला माहीत नाही. त्या सगळ्या गाड्यांची चाकं केव्हाच भंगारात गेली आणि माझी सही तेवढी अजून फायलीत आहे.