एलिनेदच्या दारातली घोडी

ब्रिनदू या कोळशाच्या खाणीच्या गावात आडनाव असून नसल्यासारखंच. अर्धं गाव जोन्स, उरलेलं एवन्स. म्हणून नावाला धंदा जोडायची पद्धत पडली. पाव भाजणारा तो हिवेल पाव, दूध घालणारा ग्विलिम दूध, आणि मयताच्या पेट्या करणारा, अगदी हसऱ्या तोंडाचा, जॉन पेटी. एलिनेद शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची. त्या न्यायाने तिचं नाव एलिनेद वाटाणे पडायला हवं होतं, कारण वाटाणे उरले की ती मागितले नसताना वाढायची. पण गावाने तिला नाव ठेवलं एलिनेद दार.

त्याचं असं आहे. नाताळ उलटला की गावात मारी निघते. मारी म्हणजे घोडीची कवटी, खरीखुरी. वर्षभर एम्रिस दिवा नावाच्या गृहस्थाच्या कोळशाच्या खोपटात चुन्यात पुरलेली असते. नाताळात तिला धुऊन पुसून डोळ्यांच्या जागी हिरव्या बाटल्यांची बुडं बसवतात, कानाला रंगीत फिती, गळ्यात घुंगरं, आणि खाली पांढरी चादर. चादरीत एक माणूस शिरतो आणि दोरी ओढून तिचा जबडा वाजवतो, खटाक खटाक. मग ही वरात दारोदार जाते. दार बंद असतं. बाहेरच्यांनी गाण्यात आत येण्याची परवानगी मागायची, आतल्यांनी गाण्यातच नाही म्हणायचं, दोन्हीकडून एकमेकांची उणीदुणी काढायची, आणि ज्याला पुढचं कडवं सुचत नाही तो हरला. आतले हरले की दार उघडतं, घोडी आत येते, टेबलाभोवती बायामाणसांच्या मागे लागते, सगळी किंचाळतात, मग खाणंपिणं होतं आणि त्या घराला वर्षभराची बरकत येते.

आता यातली मेख अशी की आतल्यांनी हरायचंच असतं. चार कडवी झाली, हसणं झालं, की घसा खाकरून गप्प बसायचं. हे काही कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण तान्ह्या पोरालाही कळतं. एलिनेदला तेवढं मात्र कधी कळलं नाही.

ती शाळकरी असताना एकदा तिच्या वडिलांचा घसा बसला होता. दारामागे उभं राहायला कोणी नाही म्हणून तिला पुढे केलं. बाहेरून गाणं आलं:

"गरीब आम्ही गाणारी पोरं, थंडीनं वळली बोबडी,
दार उघडा हो घरच्या बाई, दारात घोडी बापडी."

पोरीने श्वास घेतला आणि उत्तर दिलं:

"घोडी तुमची हाडांची, तिला कसली वाजते थंडी?
घरी नेऊन निजवा तिला, वर पांघरा तुमची बंडी."

बाहेर हशा पिकला. दुसरं कडवं, तिसरं, दहावं. शेवटी बाहेरचे थकले आणि शेजारच्या घरी गेले. वडील बसक्या घशाने म्हणाले, "अगं भवाने, हरायचं होतं!" ती म्हणाली, "मग मला सुचलं कशाला?"

त्या रात्री चादरीत इद्वल नावाचा पोरगा होता. बाकीचे पुढे गेले तरी तो कवटी मांडीवर घेऊन पायरीवर शिंकत बसला. एलिनेदला दया आली. तिने खिडकीतून भाजलेला गरम बटाटा दिला. इद्वलने तो कवटीच्या जबड्यात धरून खाल्ला. पुढे चार वर्षांनी देवळात दोघांचं लग्न लागलं, आणि पाद्र्यांनी विचारलेल्या प्रश्नाला इद्वल जे "हो" म्हणाला, ते त्याचं बायकोसमोरचं शेवटचं पूर्ण झालेलं वाक्य, असं गावात म्हणत.

मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन कार्डिफला गेली. इद्वल खाणीतून निवृत्त झाला. एलिनेदचे केस पिकले. घोडी काही घरात आली नाही. दरवर्षी एलिनेद बारा जणांपुरते मनुका घातलेले तव्यावरचे केक करायची, आल्याचं सरबत घोटायची, कारण तिच्या घरात दारूचा थेंब चालत नसे, आणि दरवर्षी दारामागे उभी राहून सगळ्यांना पिटाळून लावायची. मंडळीही फार नेट लावत नसत. पलीकडे ग्विलिम दूधकडे बिअर असे. मग इद्वल एकटाच ते केक पुढचे आठ दिवस चहात बुडवून खाई. बुडवावेच लागत.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या रविवारी देवळातून परतताना मारी मुळात आली कुठून यावर वाद पेटला. हेडमास्तर म्हणाले, ही देवळांच्याही आधीची चाल आहे. एम्रिस म्हणाला, छट्, माझ्या आजोबांच्या घोडीपासून सुरू झाली, नाव होतं बेस, फार चावायची. इद्वल नेहमीसारखा गप्प होता. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "माझी आजी वेगळंच सांगायची."

एलिनेद थबकली. इद्वल स्वतःहून बोलला म्हणजे काहीतरी असणार.

"बेथलेहेमच्या गोठ्यात एक घोडी होती," तो म्हणाला, "गाभण. बाळ येणार म्हणून जागा करायला तिला बाहेर काढली. तेव्हापासून ती हिंडतेय, दारोदार. कोणी आत घेतं का बघत."

त्याने एक बूट बाजूला ठेवला.

"आणि आपण तिला," इद्वल म्हणाला, "लग्न झाल्यापासून बाहेर उभं केलंय, एलू. यंदा हर ना."

आता एलिनेद तशी देवभोळी. रोज झोपताना गुडघे टेकणारी, पण तोंडाने बडबड न करता देवाचं नाव घेणारी. तिथे एकाच ठिकाणी ती गप्प असायची. गोठ्याबाहेर काढलेली घोडी तिला सहन होईना. "हरीन," ती म्हणाली. "त्यात काय अवघड आहे?"

इद्वलने तिच्याकडे बघितलं आणि दुसरा बूट काढला.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. नाश्त्याला इद्वल म्हणाला, "आज पाऊस पडेल."

"नाही पडणार."

"एलू."

"बरं. पडेल." ती चहा ओतू लागली. "पडेल म्हणजे डोंगरापलीकडे पडेल. इथे नाही पडणार."

"एलू!"

"अरे पण नाहीच पडणार, तर मी काय करू? खोटं बोलू? कालच रविवारी देवळात जाऊन आले ना!"

पाऊस पडला. एलिनेदचं म्हणणं पडलं की याला पाऊस म्हणत नाहीत.

तिने टॉफी तोंडात धरून पाहिली. दोन टॉफ्या एकदम चघळत असतानाही ती ग्विलिम दूधला साय पातळ असल्याचं सुनावून आली, आणि त्याला एकूण एक शब्द कळला. रात्री गुडघे टेकून तिने मनातल्या मनात प्रार्थना केली, "देवा, मी तुझ्याकडे कधी पैसाअडका मागितला नाही. फक्त पाव तास मला मुकी कर." मग जरा विचार करून म्हणाली, "दहा मिनिटं पुरेत."

इकडे बातमी गावभर झाली होती. एम्रिस दिवा हा वरातीचा म्होरक्या. खाणीवर तो कामगारांचे कंदील पुसून द्यायचा, म्हणून दिवा. तो खास इद्वलला भेटायला आला. "ठरलं तर मग? बाई तीन कडवी म्हणणार आणि चौथ्याला खोकणार?"

"तसं म्हणालीय," इद्वल म्हणाला.

"माझा बाप तिच्या दारात हरला, मी हरतोय. यंदा आत येतो बघ. सरबत पिईन वाटलं तर."

ठरल्या संध्याकाळी दिवे लागले तशी घुंगरं वाजत आली. इद्वल नवा सदरा घालून टेबलाजवळ बसला होता, घोडी मागे लागली की कुठून कुठे पळायचं ते ठरवून. खुर्च्या त्याने सकाळीच बाजूला केल्या होत्या. एलिनेद दारामागे उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. पत्र टाकायच्या फटीतून एक झाडू आत आला आणि गोल फिरला. वरातीत एका गड्याने बाईचा झगा घालून झाडू धरायचा; तो मान दाई खडू नावाच्या शिक्षकाचा होता आणि तो मान त्याला फार आवडायचा.

पहिलं कडवं झालं, एलिनेदने मवाळ उत्तर दिलं. दुसरं झालं, आणखी मवाळ. इद्वलने खुर्चीवर पुढे सरकून मान डोलावली. तिसऱ्याला तर ती एका ओळीवरच अडखळली. बाहेर कुजबुज झाली. चादरीतून गेथिनचा आवाज आला, "मावशी, बरं नाही का तुम्हाला?" हा गेथिन तिच्या हातचे वाटाणे खाऊन मोठा झालेला.

आता चौथं. एम्रिसने इथे साधं काहीतरी म्हणायचं होतं. पण बापाचा आणि स्वतःचा इतक्या वर्षांचा सूड समोर, आणि बाई खोकणार हे नक्की. त्याचा पाय जमिनीवर राहिना. तो छाती फुगवून गायला:

"केक तुमचे ठाऊक आम्हा, दातांना बसते धास्ती,
खाणीत लावा टेकू म्हणून, लाकडाहून टिकतात जास्ती!"

बाहेर लोक पोट धरून हसले. आत इद्वलने डोळे मिटले.

एलिनेद खोकली. खरंच खोकली. मग दुसऱ्यांदा खोकली. तिचे कान लाल झाले. तिने एका हाताने तोंड दाबून धरलं, पण बोटांच्या मधून आवाज बाहेर आलाच:

"दिवे पुसण्यात गेला जन्म, खाणीत ठेवला नाही पाय,
टेकूच्या गप्पा मारतोस मेल्या, तुला लाकडातलं कळतं काय?"

आणि एकदा बूच उडाल्यावर कसलं थांबणं! एम्रिसच्या टकलावर एक, त्याच्या कोंबड्यांवर एक, दाईच्या झग्यावर एक. झाडू फटीतून सर्रकन बाहेर गेला. एम्रिस "पण ठरलं होतं" एवढंच गद्यात म्हणाला, आणि गद्यात बोललेलं धरत नाहीत.

एलिनेदने दम घेतला आणि मग तिला आठवलं. तिने वळून पाहिलं. "इद्वल, अरे माझ्या तोंडून..."

खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरातून गार वारा येत होता.

बाहेर वरात पलीकडच्या घराकडे वळू लागलेली. एवढ्यात सपातांचा फटफट आवाज आला, कुणीतरी कुणाला "सरक रे" म्हणालं, गेथिन म्हणाला, "काका, अहो चादर तरी ओढू नका," आणि कवटीचा जबडा वाजला, खटाक. मग एक जाडाभरडा, सुरात नसलेला आवाज आला. गावाने तो आवाज गाताना कधी ऐकला नव्हता. देवळातसुद्धा इद्वल नुसते ओठ हलवायचा.

"जन्मभर ऐकत आलो तुझं, आज माझंही ऐक जरा,
पायात सपाता, अंगात सदरा, कोट आत राहिला खरा.
घोडीला नसेल जागा तर नसो, मला तरी घे आत,
मी आलो की तीही येईल, दोरी तिची माझ्या हातात."

गल्लीतले सगळे दाराकडे बघत होते. एम्रिसने टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

आत एलिनेद उभी होती आणि उत्तर तिच्या जिभेवर होतं. तयार होतं, यमकासकट. मागच्या दाराने गेलास ना, मग मागच्याच दाराने ये की, ते तर सताड उघडं आहे! असं उत्तर की त्यावर साऱ्या खोऱ्यात कुणाला पुढचं कडवं सुचलं नसतं. जन्मात एकदा सुचावं असं. तिने तोंड उघडलं.

बाहेर इद्वल शिंकला. चादरीच्या आत शिंकल्यामुळे घुंगरं वाजली.

एलिनेदने तोंड मिटलं. ते उत्तर तिने गिळलं. शाळेतले उरलेले वाटाणेसुद्धा कुणाला इतक्या कष्टाने गिळावे लागले नसतील. आणि कडी काढली.

मग जे झालं ते झालं. घोडी आत शिरली, आणि चादरीत इद्वलच असल्यामुळे पळायला घरात एलिनेद एकटीच उरली होती. तो जबडा वाजवत तिच्या मागे, ती टेबलाभोवती पुढे, "अरे मेल्या, गुडघे बघ तुझे, गुडघे बघ!" असं ओरडत. त्याने सकाळी बाजूला केलेल्या खुर्च्यांचा तिलाच उपयोग झाला. दाई खडूने चूल झाडली. गेथिनने सवयीने ताट पुढे केलं. एम्रिसने केक उचलला, इकडेतिकडे बघितलं, सरबतात बुडवला आणि मुकाट्याने खाल्ला. जाताना त्याने घराला बरकत चिंतणारं शेवटचं कडवं म्हटलं, आणि ते मात्र त्याने फार सुंदर म्हटलं.

भांडी घासताना एलिनेद म्हणाली, "मागचं दार उघडं होतं."

"माहीत आहे," इद्वल कप पुसत म्हणाला. "मीच उघडं ठेवलं होतं."

"मला उत्तर येत होतं."

"तेही माहीत आहे."

"चांगलं होतं, इद्वल."

"असणारच, एलू."

त्या रात्री तिने गुडघे टेकले तेव्हा देवाला एवढंच सांगितलं की दहा मिनिटं मागितली होती, तू क्षणभरच दिलंस, पण भागलं.

पुढच्या नाताळात घुंगरं वाजू लागली तशी इद्वल उठला, या खेपेला कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. एलिनेद त्याच्या मागोमाग गेली. त्याची पाठ अंधारात दिसेनाशी होईपर्यंत थांबली, मग मागच्या दाराला आतून कडी घातली, वरची आणि खालची दोन्ही, नीट लागलीय ना ते हलवून बघितलं, म्हणजे गेल्या वर्षीचं उत्तर जिभेवर आलं तरी चालणार नाही, आणि पुढच्या दारामागे येऊन उभी राहिली.